मागं बघायचं कुणी?

बेळगावात उद्यमबागेच्या अलीकडे आमच्या ओळखीच्यांचा एक मोकळा प्लॉट आहे. तिथं आमचा डबा उभा असतो. डबा म्हणजे गाडीमागं जोडायचं १४ फुटी फिरतं घर. दोन माणसं झोपतील एवढा पलंग, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि पाऊस लागला की ताशासारखं वाजणारं पत्र्याचं छप्पर. आमचे हे बँकेतून निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांनी तो एकाकडून जुना घेतला. कागदपत्रं बदलायला आरटीओत खेपा झाल्या, कारण ट्रेलरची नोंदणी गाडीपेक्षा वेगळी, नंबरही वेगळा. तेही झालं. मग पहिल्याच रविवारी कळलं की तो ओढणं सोपं आहे, तो मागं सरकवणं अवघड आहे.

नोव्हेंबरची सकाळ होती. बेळगावात त्या दिवसांत नऊ वाजले तरी धुकं हलत नाही. हे स्टिअरिंगवर, मी डब्याच्या मागं. "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं, अहो डावीकडं!" माझी डावी की त्यांची डावी, यावर एकदा भांडण झालं. डबा दोनदा कुंपणाच्या दगडी खांबाकडं गेला, एकदा तर सरळ गाडीच्याच कुशीत वळून आला. शेजारच्या फाउंड्रीचा वॉचमन हे सगळं बराच वेळ बघत होता. शेवटी बिडी विझवून तो उठला, मला हातानं बाजूला केलं आणि स्वतः डब्याच्या मागं न जाता उजवीकडं चार पावलं लांब, अगदी रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

"बरली… बरली… बरली… साकु!"

येऊ दे, येऊ दे, येऊ दे, पुरे. दोन कन्नड शब्दांत डबा जागेवर. आमच्याकडं मराठी ड्रायव्हरसुद्धा रिव्हर्स कन्नडमध्येच घेतात, त्याला इलाज नाही. एसटी-बसपासून दगडाच्या डंपरपर्यंत मागं उभा राहणाऱ्याची भाषा तीच.

जाताना तो मला म्हणाला, "बाई, तुम्ही डब्याच्या पाठी हुभारलासा. सायबांना तुम्ही दिसतच न्हाईसा. आरशात तुम्हाला सायबांचं तोंड दिसाय पायजे. तुम्हाला त्येंचं तोंड दिसलं, तर त्येंना तुम्ही दिसता."

मला लाज वाटली ती वेगळ्या कारणानं. हे सगळ्या जगाला माहीत नसलं तरी मला माहीत असायला हवं होतं. मागं बघणं हे माझं लहानपणीचं काम होतं.

माझं माहेर हिरण्यकेशीच्या काठी, संकेश्वरच्या अलीकडं. आप्पांनी बैलजोडी विकून एचएमटीचा ट्रॅक्टर घेतला, तेव्हा मी तिसरीत होते. बैल गेले, पण त्यांच्या गळ्यातली एक पितळी घंटा आप्पांनी ठेवून घेतली आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डला, आपल्या डाव्या कानाजवळ बांधली. त्या घंटेला एक लांब कासरा. कासरा ट्रॉलीत भरलेल्या उसावरून मागं यायचा, आणि त्याचं टोक माझ्या हातात. मी उसाच्या ढिगावर, मागच्या कडेला, पोत्यावर बसलेली. आज कुणी आपलं पोर असं बसवलं तर मी त्याच्याशी भांडेन. तेव्हा गावात कुणाला त्यात काही वाटत नव्हतं, मला तर राजेपणच वाटायचं.

कारण साधं होतं. ऊस भरल्यावर ट्रॉली माडीच्या खिडकीएवढी उंच होते आणि ट्रॅक्टरपेक्षा दोन्ही बाजूंनी रुंद. सीटवर बसलेल्या माणसाला मागं वळून फक्त उसाची भिंत दिसते. हाक मारावी तर इंजिनाच्या आवाजात हाक पोचत नाही. म्हणून घंटा. एकदा ओढली, तर कुणीतरी पुढं जायला बघतंय, साइड द्या. दोनदा ओढली, तर थांबा. तीनदा, तर मोळी पडली. चार नव्हतंच. चार म्हणजे मी उगीच खेळतेय, आणि त्याबद्दल एकदा मार खाल्ला होता.

सुगीची दोन वर्षं हे काम मी केलं. कारखान्याच्या रस्त्यावर मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा चेहरा मला पाठ होता. एसटी लांबूनच कळायची, ती धुळीचा लोट घेऊन यायची. लॉरीवाले हॉर्न देत. सायकलवाले काहीच देत नसत, तेच सगळ्यात धोक्याचे.

एका संध्याकाळी मला झोप लागली. जानेवारी असावा, थंडी होती, आणि उसाच्या पाचटात ऊब छान येते. कारखान्याच्या फाट्यावर आप्पांनी डावीकडं वळण घेतलं. मागं जोडलेली कोणतीही गाडी वळणावर पुढच्या चाकांच्या चाकोरीतून जात नाही. ती आतून, आडवाटेनं, वळणाचा कोपरा कापत जाते. ट्रॉली जितकी लांब तितका कोपरा जास्त कापला जातो. त्या कोपऱ्यात एक दूधवाला सायकलवर होता, दोन्ही बाजूंना किटल्या. आप्पांनी वळण रुंदच घेतलं होतं. तरी तो चरात गेला. गुडघा फुटला, पुढचं चाक वाकलं आणि दूध मातीत गेलं. त्याच्या ओरडण्यानं मी जागी झाले, आणि पहिलं काय केलं, तर कासरा दोनदा ओढला. ट्रॅक्टर आधीच थांबला होता.

आप्पांनी त्याला चाकाचे आणि दुधाचे पैसे दिले. मला काही बोलले नाहीत. घरी आईलाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर निघाला तेव्हा त्यांनी नेहमीसारखा कासरा माझ्या हातात दिला, आणि वर एक कागदाची पुडी. चिरमुरे आणि फुटाणे. खाताना झोप येत नाही, एवढंच म्हणाले.

हे सगळं मला आठवलं ते वॉचमनच्या बोलण्यानं, आणि मग काही दिवस मी त्या विषयाच्या मागंच लागले. आमच्या ह्यांचं म्हणणं, मी एखाद्या गोष्टीच्या मागं लागले की शाळेच्या वह्या तपासल्यासारखी लागते. असेल. पण त्यातून एक नाव सापडलं, ते मी अजून वर्गातल्या पोरांना सांगते.

१९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला ५०० मैलांची पहिली शर्यत झाली. तेव्हाच्या शर्यतीच्या गाड्यांत ड्रायव्हरशेजारी एक मेकॅनिक बसायचा. त्याच्या कामांतलं एक काम म्हणजे मागं वळून बघणं आणि कोण येतंय ते सांगणं. रे हॅरून नावाचा ड्रायव्हर मात्र एकट्याच्या सीटची पिवळी गाडी घेऊन उतरला. बाकीच्यांनी तक्रार केली की ह्याच्याकडं मागं बघायला माणूस नाही, हा सगळ्यांना धोका आहे. मग हॅरूननं गाडीवर चार दांड्यांवर एक आरसा बसवला. एका घोडागाडीवर तसा आरसा आपण पूर्वी पाहिला होता, असं त्यानं नंतर सांगितलं. शर्यत त्यानंच जिंकली, सरासरी वेग ताशी सुमारे १२० किलोमीटर. मोटारीच्या आरशाची गोष्ट बहुतेक ठिकाणी इथंच संपवतात. पण तिचं खरं शेपूट पुढं आहे. तो रस्ता विटांचा होता. गाडी इतकी हादरत होती की त्या आरशात आपल्याला काहीच दिसत नव्हतं, हे हॅरूननं पुढं स्वतःच कबूल केलं.

म्हणजे माझ्यासारख्या पोराला गाडीवरून उतरवणारा पहिला नामांकित आरसा आंधळा होता. वाचून मला फार बरं वाटलं.

त्याच्याही दोन वर्षं आधी, १९०९ साली, डोरोथी लेव्हिट या इंग्लंडच्या मोटार चालवणाऱ्या बाईनं बायकांना सल्ला दिला होता, की गाडीत एक छोटा हातआरसा ठेवा आणि रहदारीत अधूनमधून तो उचलून मागचं बघा. पावडरीचा आरसा रस्त्यावर. कल्पना करा, एका हातात स्टिअरिंग आणि एका हातात आरसा. पण निदान तिचा आरसा हातात होता, हादरत असेल तर तिला कळत होतं.

आमच्या डब्याचं दुखणं वेगळं नव्हतं. गाडीतल्या मधल्या आरशात पूर्वी मागची काच आणि काचेतून रस्ता दिसायचा. डबा जोडल्यावर त्यात दिसतं ते डब्याचं पांढरं कपाळ. डबा गाडीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर रुंद, त्यामुळं दाराच्या आरशांतही अर्धी जागा डब्याच्या भिंतीनं खाल्लेली. मागं १०० मीटरवर काय आहे ते कदाचित दिसेल, पण डब्याच्या ढुंगणाशी काय चिकटून येतंय ते दिसणार नाही. आणि आपल्याकडं मागून येणारा चिकटूनच येतो.

हायवेवर हे नुसतं लेन बदलण्यापुरतं नसतं. काकतीच्या पुढं वंटमुरीच्या घाटात पहिल्यांदा मला ते कळलं. मी चालवत होते. एक मोठा कंटेनर उजवीकडून पुढं निघाला, आणि त्यानं ढकललेली हवा आधी डब्याच्या शेपटीवर आली. डबा डावीकडं झुकला, मग कंटेनर शेजारून गेला तसा उजवीकडं ओढला गेला. दोन क्षण असं वाटलं की कुणीतरी मागून शर्ट धरून हलवतंय. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगची झटापट करायची नाही, ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करून चाक सरळ धरायचं. पण हे सगळं करायला तो येतोय हे तीन-चार सेकंद आधी कळावं लागतं. मागचा आरसा त्या तीन-चार सेकंदांसाठी असतो. मी कासरा एकदा ओढायचे, तोही तेवढ्यासाठीच.

मग आम्ही दाराच्या आरशांवर पट्ट्यांनी आवळून बसवायचे जादा आरसे आणले. बाहेर हातभर लांब. टोलनाक्याच्या अरुंद लेनमध्ये ते आधी दुमडून घ्यायचे, नाहीतर केबिनमधल्या माणसाच्या हातात जातील. पट्टा सैल असला की हॅरूनचा आरसा होतो, सगळं दिसतं आणि काहीच दिसत नाही. ह्यांनी त्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, तेव्हा थरथर गेली.

आरसा कुठला घ्यायचा, यावर दुकानदाराशी आमची तासभर चर्चा झाली. सपाट आरसा अंतर खरं दाखवतो, पण त्याची खिडकी लहान. बाहेर फुगलेला, म्हणजे बहिर्वक्र आरसा खूप रुंद दाखवतो, पण सगळं बारीक करून, म्हणून लांब असल्यासारखं. त्याच्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलंही असतं की वस्तू दिसते त्यापेक्षा जवळ आहे. एवढी महत्त्वाची गोष्ट इतक्या बारीक अक्षरांत कुणाला सुचली कोण जाणे. मागून येणारा टिप्पर त्या आरशात खेळण्यातला वाटतो आणि आपण निवांत राहतो. शेवटी आम्ही उजवीकडं सपाट लावला, त्याच्या कोपऱ्यात रुपयाएवढा फुगीर आरसा चिकटवला, आणि डावीकडं फुगीरच ठेवला. प्रत्येक आरसा कुठंतरी खोटं बोलतोच. तो कुठलं खोटं बोलतो हे ठाऊक असलं की त्याच्याशी संसार करता येतो.

कॅमेऱ्याची कथा अशीच. आधी बिनतारी घेतला, वायर ओढायला नको म्हणून. तो वायफायच्याच पट्ट्यात बोलतो, आणि मध्ये डब्याचा आणि गाडीचा पत्रा. गावात चित्र ठीक, हायवेला थबकायचं. अर्धा सेकंद उशीर म्हणजे किती, असं वाटतं. आपल्यापेक्षा ताशी ३० नं जास्त वेगात येणारी मोटरसायकल तेवढ्यात चार मीटर जवळ येते. म्हणजे पडद्यावरची मोटरसायकल तिथं नसतेच, ती चार मीटर पुढं, आपल्या कानाशी असते. शिवाय पहिल्या आठवड्यात त्याचं चित्र आरशासारखं पलटी केलेलं नव्हतं. पडद्यावर डावीकडं दिसणारी बुलेट उजवीकडून फटफटत पुढं गेली, तेव्हा हे दचकून म्हणाले, "अगं, ही भूत आहे काय?" सेटिंग बदलायला पाच मिनिटं लागली, सापडायला पाच दिवस. नंतर तारेचाच कॅमेरा बसवला. डब्याच्या दिव्यांची वायर जिथून जाते तिथूनच त्याची वायर नेली. तो उशीर करत नाही, पण आंबोलीच्या वाटेवर लाल चिखल उडाला की त्याला मोतीबिंदू होतो. गाडीतच एक जुनं बनियन ठेवलंय, त्याचा डोळा पुसायला.

आणि ते सेन्सर! २०१९ च्या जुलैपासून आपल्याकडं नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. चांगलं झालं. पण त्या बिचाऱ्याला डबा आपला आहे हे माहीत नाही. रिव्हर्स टाकला की तो डब्यालाच अडथळा समजून शंख करत सुटतो. मागं भिंत असो, माणूस असो, नाहीतर दहा एकर मोकळं रान असो, त्याचं पीं पीं पीं तेवढंच. सतत ओरडणाऱ्या माणसाचं आपण ऐकायचं बंद करतो, तसं आम्ही ते बटणच बंद केलं.

वॉचमननं शिकवलेलं मात्र टिकलं. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो, म्हणून डबा मागं घेताना त्याची शेपटी उजवीकडं वळेल अशीच जागा बघायची. तशी वळली की खिडकीतून मान काढून तिचं टोक डोळ्यांनी दिसतं. डावीकडं वळवली की डावा आरसा डब्याची भिंत दाखवतो, उजवा रिकामा रस्ता दाखवतो, आणि शेपटी कुठं आहे ते देवाला ठाऊक. स्टिअरिंग खालच्या बाजूनं धरायचं. मग हात ज्या बाजूला जातो, त्या बाजूला डबा जातो. ही युक्ती कळल्यापासून आमच्या संसारातलं डावं-उजवं मिटलं. निदान गाडीपुरतं.

डिसेंबरात आम्ही आंबोलीला निघालो आणि वाटेत माहेरी मुक्काम केला. बेळगावाहून संकेश्वर पन्नासेक किलोमीटर, पूर्वीचा ४ नंबरचा आणि आताचा ४८ नंबरचा हायवे. यमकनमर्डी सोडली की एका पाठोपाठ एक उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. आता एक ट्रॉली राहिलेली नाही. एकामागं एक दोन, दोन्ही गच्च, वर वाढ्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, तुरे लोंबलेले, आणि पुढं बसलेल्याच्या सीटशेजारी स्पीकर. त्या स्पीकरपुढं आमची पितळी घंटा काय टिकली असती!

धाकट्या भावाकडं असाच दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आहे. अंगणात डबा लागला तशी वहिनी हसून म्हणाली, "तोडकऱ्यांच्या खोपीला चाकं लावल्यागत दिसतंय." तिचं चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या तोडलेल्या रानात एक खेळ मांडला. इंग्लंडात कॅरॅव्हॅन ओढणाऱ्यांसाठी आरशांचा एक दंडक आहे. ड्रायव्हरच्या मागं २० मीटरवर, डब्याच्या कडेपासून बाहेर ४ मीटर रुंदीचा पट्टा आरशात दिसला पाहिजे. मी भाच्याला टेप धरायला लावली. २० मीटर मागं, डब्याच्या कडेच्या रेषेत एक घागर, तिच्यापासून ४ मीटर बाहेर दुसरी घागर. दोन्ही बाजूंना तसंच. घागरी तीनच मिळाल्या म्हणून एका जागी दुधाची किटली ठेवली. गाडीच्या मूळच्या आरशांत उजवीकडची बाहेरची घागर दिसली, आतली नाही. डावीकडं मान पुढं काढली तर किटलीची कड. जादा आरसे लावल्यावर चारही दिसल्या.

भाऊ बांधावर उभा राहून बघत होता.

"काय करालीस गं आक्का हे? घागरीला साइड देणार हैस काय?"

मी त्याला म्हटलं, आता तुझ्या ट्रॅक्टरवर बसू दे. बसले. आरसे नव्हतेच. एक होता म्हणे, पहिल्याच हंगामात फडातून बाहेर निघताना उसाच्या दांड्यानं मोडला. दुसरा लावला तो हादऱ्यांनी गळाला. ट्रॉल्या रिकाम्या होत्या, तरी मला पहिल्या ट्रॉलीच्या फळ्यांपलीकडं काही दिसलं नाही. दुसरी ट्रॉली तर आहे की सुटून पडली, हेसुद्धा कळलं नसतं. घागरी होत्या तिथंच होत्या.

"मागचं कसं कळतं रे तुला?" मी विचारलं.

त्यानं दिलेलं उत्तर मी विसरणार नाही. "आम्ही पुढं बघतोय. मागचापण पुढंच बघतोय. सगळी पुढं बघत्यात, मग मागं बघायचं कुणी आणि कशाला?"

यात विनोद आहे, पण खुळेपणा नाही. हायवेवर सगळ्यात सावकाश जाणारा तोच. त्याला कुणाला मागं टाकायचं नाही, लेन बदलायची नाही. लोडेड असला की ताशी १५-२० च्या वर त्याचा वेग जात नाही. त्याला पुढं बघितलं की पुरतं. आणि खरंच, त्याच्या ट्रॅक्टरला माझ्या गाडीसारखे हातभर आरसे लावून तो काय करणार होता? मागून भरधाव येणारा दिसला, तरी दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन तो बाजूला उडी मारणार आहे थोडाच!

बांधावर बसून मी हिशेब मांडला, वाळूवर काडीनं. कार ८० नं येतेय, ट्रॅक्टर १५ नं जातोय. दोघांतलं अंतर ताशी ६५ नं कमी होतंय, म्हणजे सेकंदाला १८ मीटर. गाडीचा दिवा डीपवर असला तर साधारण ५०-६० मीटरपुढचा अंधार त्याला फुटत नाही. म्हणजे काळा, मातकट, पाचटानं झाकलेला ट्रॉलीचा पाठीमागचा भाग दिसल्यापासून तीन सेकंदांच्या आसपास. त्यातला एक-दीड सेकंद तर "हे काय आहे" हे समजण्यात जातो. धुकं असेल तर हिशेबच करायला नको.

"मागचा पुढं बघतोय, खरं आहे," मी भावाला म्हटलं. "पण त्याला तू दिसाय नको?"

आमच्या आज्जाच्या बैलगाडीखाली रात्री आसाला कंदील टांगलेला असायचा. आज्जाला त्या उजेडात काही दिसायचं नाही. बैलांना वाट ठाऊक असायची. तो कंदील मागच्यासाठीच होता. कंदील डुलायचा तशा चाकांच्या आऱ्यांच्या सावल्या रस्त्याकडच्या झाडांवर फिरायच्या, आणि लांबून कळायचं की गाडी आहे आणि चालती आहे. गाडीला ट्रॉलीचा जन्म मिळाला आणि त्यात कंदील कुठंतरी गळाला. ट्रॉलीला मागचे दिवे असतात, पण वायर ऊस भरताना तुटते, आणि हंगाम संपेपर्यंत ती जोडायला कुणाला सवड नसते.

दुपारी आम्ही संकेश्वरला जाऊन चमकणाऱ्या पट्टीची गुंडाळी आणली. दुकानदाराला सगळं पाठ होतं, हंगामाच्या दिवसांत तोच धंदा. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी, अशी रंगांची वाटणी ठरलेली असते. त्यामुळं अंधारात नुसत्या रंगावरून कळतं की समोरची गाडी येतेय, जातेय की आडवी उभी आहे. त्या पट्टीत काय असतं ते भाच्याला मी समजावून सांगितलं. साधा आरसा तिरपा प्रकाश दुसरीकडं फेकतो. या पट्टीत बारीक बारीक कोपरे असतात, तीन आरसे एकमेकांना काटकोनात जोडल्यासारखे. प्रकाश कुठूनही आला तरी आत दोन-तीन उड्या मारून आला त्याच वाटेनं परत जातो. म्हणून ज्याचा दिवा, त्याच्याच डोळ्यांत ती चमकते. शेजारी उभ्या असलेल्याला ती नुसती लाल पट्टी दिसते.

"म्हणजे आमच्या दिव्याला दिसणार, आणि आप्पाला न्हाई?" भाच्यानं विचारलं. तो त्याच्या बापाला आप्पा म्हणतो, माझ्याच वडिलांचं नाव पुढं चालवल्यासारखं.

"आप्पाला दिसायची गरज नाही."

चिकटवण्याआधी पत्रा घासून, रॉकेल लावून पुसावा लागतो, नाहीतर पट्टी आठवड्यात सोलते. लावताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. मागच्या फळीच्या वरच्या भागावर लावून उपयोग नाही, लोंबणारी वाढी ती झाकतात. खाली, चेसिसच्या आडव्या लोखंडावर आणि दोन्ही कडांना उभी लावायची, म्हणजे ट्रॉलीची रुंदी कळते. भाऊ मध्येच येऊन म्हणाला, इथं "आई-वडिलांचा आशीर्वाद" लिहिलंय ते झाकू नका. ट्रॉलीच्या एका बाजूला तेच "तंदे-तायिय आशीर्वाद" असं कन्नडमध्येही आहे. ते झाकलं नाही. मागच्या ट्रॉलीची डावी उभी पट्टी भाच्यानं एकट्यानं लावली आणि ती वाकडी बसली. खाली बरोबर, वर जाईल तशी बोटभर आत झुकलेली. मी काढून परत लावायला सांगणार होते. पट्टी एकदा चिकटली की फाटूनच निघते, म्हणून राहू दिली.

संध्याकाळी ऊस भरून ट्रॅक्टर निघाला. नंबर लागायला रात्रीचे दोन वाजतील, असं भाऊ म्हणाला. त्यानं जेवणाचा डबा, पांघरूण घेतलं. भाच्याला मागं उसावर बसायचं होतं, वहिनीनं त्याचा कान धरून त्याला गाडीत माझ्याशेजारी बसवलं. आमचा डबा अंगणातच सोडून नुसती गाडी घेऊन आम्ही फाट्यापर्यंत त्याच्यामागं गेलो. हे मागच्या सीटवर. कधी नव्हे ते मधल्या आरशात मागची काच दिसत होती आणि काचेत आमच्या गावचे दिवे.

रानातल्या वाटेवर दिवे बंद ठेवून मी थोडी मागं थांबले. पुढं अंधारात काहीच नव्हतं. स्पीकरवरचं गाणं तेवढं लांब जात होतं. मग दिवा लावला. दोन्ही कडा एकदम पेटल्या, उजवीकडची काठीसारखी सरळ, डावीकडची वर जाताना आत झुकलेली. भाचा सीटवर गुडघ्यांवर उभा राहिला.

"आत्या, माझी वाकडी हाय."

"दिसतीय रे," मी म्हटलं, आणि त्याच्या हातात फुटाण्याची पुडी दिली.